ॲक्सिलरेटरसोबत वाढणारा 'कूंऽऽ' आवाज, ॲम्पचा लाल दिवा आणि उतरणारी बॅटरी : कारच्या वायरिंगमध्ये नेमकं काय तपासायचं?

मानेवाडाकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. उन्हाळ्यात नागपूरच्याच एका दुकानातून अँड्रॉइड डेक, चार चॅनेलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) आणि डिक्कीत दहा इंची सबवूफर (फक्त बाससाठीचा स्पीकर, पुढे 'सब') बसवून घेतला. ॲम्पवर लिहिलंय ७५ वॅट गुणिले ४, ४ ओहमवर. ॲम्प शेजारच्या सीटखाली आहे. समोरच्या दारांतले स्पीकर दोन चॅनेलवर आणि सब उरलेल्या दोन चॅनेलवर ब्रिज करून, म्हणजे दोन्हींची ताकद एकत्र करून, दिलाय.

तक्रारी अशा. गाडी चालू केली की स्पीकरमधून कूंऽऽ असा बारीक आवाज येते, ॲक्सिलरेटर दाबला की तो चढत जाते. गाणं वाजत असलं तरी दोन गाण्यांच्या मधात स्पष्ट ऐकू येते. दुसरं, आवाज वाढवून जोराचा बास आला की ॲम्प बंद पडते, लाल दिवा लागते, थोड्या वेळानं आपोआप सुरू. तिसरं, शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की सोमवारी सेल्फ घेत नाही. बॅटरी यंदाच टाकली आहे, ३५ एएचची (अँपियर-अवर).

दुकानदार म्हणते ग्राउंड लूप फिल्टर लावा, एक कॅपॅसिटर लावा आणि मोठी बॅटरी टाका. तिन्ही वस्तू त्याच्याकडेच मिळतात. त्यावर पैसे घालायच्या आधी घरी स्वतः काय काय तपासता येईल ते सांगा. मल्टिमीटर आहे, वापरता येते.

तर्रीपोहा
पोळा जवळ आलाच आहे. इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या पुतळ्याच्या मिरवणुकीत गाडी नेऊन उभी करा आणि जोरात ओरडा, "कूंचा आवाज घेऊन जा गे मारबऽऽत!"

गांधीबाग_गप्पा
आणि परत येताना बॅटरी उतरलेली, मग बडग्यासोबत (मारबतीच्या जोडीचा पुतळा) गाडी पण ढकलत न्या. 😀

पुण्यातून
अल्टरनेटरचा नॉइज आहे हा. सगळ्यात सोपं म्हणजे दुकानदार म्हणतोय तो ग्राउंड लूप आयसोलेटर. डेककडून ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलमध्ये मधे लावायचा, दहा मिनिटांचं काम. माझ्या गाडीत आहे, आवाज गेला.

हिंगण्याची_इंजिनियर
पुण्यातून, आवाज गेला हे मान्य, पण कारण तिथेच राहिलं. त्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातल्या डब्या खालचा बास खाऊन टाकतात. ज्यानं खास बाससाठी सब घेतला त्याच्या सिग्नलमध्ये तीच डबी लावायची, हे पटत नाही.

मानेवाडाकर, तीन तक्रारी आहेत म्हणजे कारणं तीन असू शकतात. एका वेळी एक धरा. आधी कूं.

अल्टरनेटर तीन फेजची वीज बनवतो, डायोड तिला डीसी करतात, पण तिच्यावर थोडी लहर उरतेच. इंजिनचे फेरे वाढले की त्या लहरीची फ्रिक्वेन्सी वाढते, म्हणून आवाज चढतो. ही लहर प्रत्येक गाडीत असते. ती स्पीकरपर्यंत कुठून पोचते एवढंच शोधायचं आहे.

डेकचा व्हॉल्यूम शून्य करा. कूं तेवढाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे डेक ते ॲम्पच्या मधल्या भागात शिरतोय. मग सगळं बंद करून ॲम्पकडच्या आरसीए पिना काढा आणि परत गाडी चालू करा. आवाज गेला तर ॲम्पचा सप्लाय निर्दोष धरायला हरकत नाही. शेवटी ॲम्पच्या आरसीएला मोबाईल लावून गाणं वाजवा, मोबाईल चार्जिंगला नसावा. तेव्हा स्वच्छ वाजलं तर डेक आणि ॲम्प यांच्या ग्राउंडमध्ये (अर्थिंगमध्ये) फरक आहे, हे जवळजवळ नक्की.

एक आठवण. सिस्टिम चालू असताना आरसीए कधी काढू-घालू नका. का ते पुढे कळेल.

वायरिंगवाले_काका
ताईनं बरोबर सांगतलं. माझा हात चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगमध्येच गेला, म्हणून एक गोष्ट वरतून जोडतो. दहातल्या आठ गाड्यांत भानगड काळ्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरची निघते. लाल वायर सगळे जीव लावून ओढतात, बॅटरीपासून मस्त पाइप घालून आणतात. काळी मात्र जिथं बोल्ट दिसला तिथं पिळून टाकतात.

सीटखाली ॲम्प आहे म्हणता, तर अर्थिंग सीटच्या बोल्टलाच दिलं असणार. ते पाह्यजा. त्या बोल्टाच्या आट्यांवर कंपनीतूनच रंग किंवा लॉकिंगचं रसायन असते, खाली सीलर असते. वरून घट्ट दिसते, पण करंट नीट जात नाही. आणि सीटचा, बेल्टचा बोल्ट हा जिवाच्या सुरक्षेचा आहे, त्याच्याखाली थिंबल (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) दाबणंच चूक.

तपासायचं असं : मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक ॲम्पच्या ग्राउंड टर्मिनलला, दुसरं लांब वायर जोडून थेट बॅटरीच्या मायनसला. इंजिन चालू, गाणं मोठ्यानं. आकडा ०.१ च्या आसपास पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग फेकून नवीन करा.

मानेवाडाकर
काका, ओहमवर मोजून पाहिलं होतं, ०.४ दाखवते. म्हणून मला अर्थिंग ठीक वाटलं.

वायरिंगवाले_काका
ओहमवर भरोसा ठेवू नका. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून पाहा, ०.२-०.३ तर त्याच दाखवतात. शिवाय मीटर अगदी बारीक करंट सोडून मोजते. बारीक करंटला एक तार पण पुरते. ॲम्प ओढते वीस-तीस अँपियर, तेव्हा खरी परीक्षा. म्हणून वाजवता वाजवता व्होल्ट मोजायचे.

कामठीरोड
मधातच माझा प्रश्न घुसवतो, राग मानू नका. माझ्या गाडीत ॲम्प-बिम्प काही नाही, फक्त दारातले स्पीकर बदलले. बॅलन्स मधात ठेवला की बास गायब, गाणं पोकळ वाटते. एका बाजूला फिरवला की बास परत. स्पीकर खराब निघाला का?

डाखवाला
स्पीकर चांगला आहे. एका दारात प्लस-मायनस उलटे लागलेत. एक कोन बाहेर येते तेव्हा दुसरा आत जाते, म्हणून बास एकमेकांना खाते. एकाच बाजूला वाजवलं की खाणारा कोणी राहत नाही.

डेकच्या मागून दोन्ही स्पीकरच्या वायरी सोडवा. घरातला साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, प्लस-प्लस, मायनस-मायनस असा क्षणभर टेकवा. जाळी काढून पाहा, कोन बाहेर उडाला पाहिजे. ज्याचा आत जाईल त्याच्या वायरी उलटवा. डेकला जोडलेलं असताना सेल लावू नका.

बाहेरच्या डेकच्या रंगांचा पण उपयोग होते : पांढरा समोर डावा, करडा समोर उजवा, हिरवा मागे डावा, जांभळा मागे उजवा. काळी रेघ असलेली ती मायनस. पण गाडीच्या मूळ वायरींचे रंग प्रत्येक कंपनीत वेगळे, तिथं रंग पाहून जोडू नका.

कामठीरोड
जमलं भाऊ! उजव्या दारातलं उलटं होतं. आता बास असा येऊन राहिला की आरसा थरथरते. जीव खुश.

फुटाळा_फेरी
आरसा थरथरू द्या, पण शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरू देऊ नका एवढंच. संध्याकाळी तलावावर फिरायला जातो तर प्रत्येक तिसरी गाडी डिक्की उघडून उभी. रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे, २००० सालच्या नियमांत लिहिलेली. रात्री १० नंतर तर विषयच नाही.

कारऑडिओ_फिटर
फुटाळा काका, तुमचं पटते. मी हेच काम करतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो की सिस्टिम आतल्या माणसांसाठी असते. दारांत डॅम्पिंग शीट लावली तर कमी आवाजात पण बास भरदार लागते आणि पत्रा खडखडत नाही.

पण धाग्यात दुकानदारांवर सरसकट बोललं जाऊन राहिलं म्हणून लिहितो. गिऱ्हाईक सामान ऑनलाइन घेऊन येते, फिटिंगच्या मजुरीवर घासाघीस करते, आणि "तासाभरात द्या, चिखलदऱ्याला निघायचं आहे" म्हणते. ॲम्पचं काम नीट करायचं तर अर्धा दिवस लागते. सीट काढा, कार्पेट उचला, रंग खरवडा, बॅटरीपासूनची वायर फायरवॉलमधून (इंजिनमागच्या पत्र्यातून) ग्रोमेट (रबरी कडं) घालून आणा. हे सगळं तासात नाही होत.

हिंगण्याची_इंजिनियर
मान्य. पण वेळ कमी असेल तर काम नाकारावं ना. बॅटरीची प्लस वायर पत्र्याच्या भोकातून ग्रोमेटशिवाय गेलेली मी स्वतः पाहिली आहे, साल घासून तांबं दिसत होतं. बॅटरीजवळ फ्यूजही नव्हता. अशा गाडीला आग लागायला एक खड्डा पुरतो. बॅटरीपासून साधारण दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजेच. ॲम्पवरचा फ्यूज ॲम्प वाचवतो, बॅटरीजवळचा फ्यूज वायर आणि गाडी वाचवतो.

कारऑडिओ_फिटर
ग्रोमेट आणि फ्यूज याच्यावर शंभर टक्के सहमत. त्याच्यात वेळेचं कारण चालत नाही.

मानेवाडाकर
रविवारी बसलो. ताईंनी सांगितलं तसं केलं. व्हॉल्यूम शून्य, तरी कूं तेवढाच. आरसीए काढल्या, एकदम शांत. मोबाईल लावला, स्वच्छ.

मग काकांची टेस्ट. गाणं वाजवत मीटर धरला तर ०.९ व्होल्ट! बासच्या ठोक्याला आकडा अजून वर उडते. सीट पुढे सरकवून पाहिलं, अर्थिंग सीटच्या बोल्टालाच. थिंबल नाही, वायरीचे केस पिळून वॉशरखाली दाबलेले, त्यातले अर्धे तुटलेले. वरून काळी टेप गुंडाळली होती, तिचा गोंद पाझरून सगळा चिकट चिखल झालेला. मे महिन्याच्या उन्हात गाडी बाहेर उभी असते, त्याचा परिणाम असावा.

गांधीबाग_गप्पा
नवतप्यात आपण वितळतो, टेपची काय कथा.

डाखवाला
म्हणूनच नागपुरात गाडीच्या आत काळी पीव्हीसी टेप वापरूच नये. उन्हात उभ्या गाडीत ६० अंशांच्या वर सहज जाते. हीट श्रिंक स्लीव्ह घाला, सीताबर्डीवर मीटरच्या हिशेबानं मिळते. आणि जिथं गुंडाळायचंच असेल तिथं कंपनी वापरते तसली कापडी टेप.

वायरिंगवाले_काका
०.९ म्हणजे रोग सापडला. आता नवीन अर्थिंग असं करा. आधी बॅटरीची मायनस काढा. सीटखालून पिवळ्या कपलरच्या वायरी जात असतील तर त्या एअरबॅगच्या किंवा बेल्टच्या असतात, त्यांना हात नाही लावायचा, मीटर तर बिलकुल नाही.

ॲम्पपासून हात-दीड हातावर फ्लोअरचा जाड पत्रा शोधा. भोक पाडायच्या आधी गाडीखाली वाकून पाहा, पेट्रोलचा किंवा ब्रेकचा पाइप तर नाही ना. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरनं घासा, पांढरा चकचकीत पत्रा दिसला पाहिजे. थिंबल क्रिम्प केलेलं, दातऱ्या वॉशर, नट-बोल्ट, दाबून कसा. कसल्यावर वरून रंग किंवा ग्रीस लावा, नाही तं पुढच्या पावसात गंज. काळी वायर लालइतकीच जाड पाहिजे.

पुण्यातून
वायरीचाच विषय निघाला तर त्यांच्या वायरीची जाडीही विचारा. लाल दिव्याचं कारण तिथे असू शकतं.

मानेवाडाकर
वायरीवर ८ गेज लिहिलंय.

हिंगण्याची_इंजिनियर
टोक ब्लेडनं खरवडून पाहा. आतून पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. किटमधल्या बहुतेक वायरी तशाच असतात.

हिशेब मांडते. चारही चॅनेल पूर्ण ताकदीनं म्हणजे ३०० वॅट. जुन्या पद्धतीचा क्लास एबी ॲम्प असेल तर तो जवळपास अर्धी वीज उष्णतेत घालवतो, म्हणजे ओढतो साडेपाचशे वॅटच्या आसपास. १३.५ व्होल्टवर ते ४० अँपियर झाले. ८ गेज शुद्ध तांब्याची ५ मीटर वायर ४० अँपियरला ०.४ व्होल्ट खाते. तीच मुलाम्याची असेल तर ०.६ च्या वर. गाण्यात सरासरी करंट याच्यापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे एवढ्यानं ॲम्प बंद पडेल असं नाही. पण त्यात अर्थिंगचे ०.९ मिळवा, म्हणजे ॲम्पच्या तोंडाशी बासच्या ठोक्याला किती उरत असेल बघा.

आणि कॅपॅसिटरचं मनातून काढून टाका. १ फॅराडचा कॅपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत २६ ज्यूल देतो. ३०० वॅटला तेवढ्यात सेकंदाचा दहावा भागही निघत नाही. अर्थिंग खराब आणि वायर बारीक असताना तो लावून काही साधत नाही.

कारऑडिओ_फिटर
लाल दिव्यासाठी अजून एक पाहा. सबवर दोन जोड्या टर्मिनल आहेत का? म्हणजे डबल कॉइल (एकाच स्पीकरमध्ये दोन गुंडाळ्या). असेल तर ॲम्पकडून सबच्या वायरी काढा आणि त्या दोन टोकांवर ओहम मोजा. किती येतात ते इथं टाका.

मानेवाडाकर
१.८ ओहम. आणि हो, दोन जोड्या आहेत, दोन्ही प्लस एकत्र आणि दोन्ही मायनस एकत्र केलेत.

कारऑडिओ_फिटर
मग लाल दिव्याचा मालक हाच. ४ ओहमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवते. तुमच्या दोन कॉइल पॅरलल केल्यात म्हणून २ ओहमचा लोड झाला. चार चॅनेलचे बहुतेक ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालवायचे नसतात, तुमच्या ॲम्पच्या पत्रकात पण लिहिलं असेल. २ ओहम ब्रिज म्हणजे प्रत्येक चॅनेलला १ ओहम. जास्त करंट, जास्त गरमी, मग प्रोटेक्टचा लाल दिवा. तो दिवा ॲम्पला वाचवूनच राहिला आहे.

कॉइल सिरीज करा : पहिल्याची मायनस दुसऱ्याच्या प्लसला, उरलेली दोन टोकं ॲम्पच्या ब्रिजला. ८ ओहम होतील.

तर्रीपोहा
८ ओहम केले तर बास अर्धा होईल ना भाऊ? मयताला आल्यासारखा वाजेल.

हिंगण्याची_इंजिनियर
नाही होणार. ब्रिजमध्ये ८ ओहम लावले की प्रत्येक चॅनेलला ४ ओहम दिसतात. तेव्हा दोन्ही चॅनेल आपापले ७५ वॅट देतात, सबला एकूण १५०. दोन कॉइल दोन वेगळ्या चॅनेलवर लावल्या असत्या तरी बेरीज तीच आली असती. दहा इंची सब एका हॅचबॅकमध्ये १५० वॅटवर हवा तेवढा वाजतो.

आता वाजतोय त्यापेक्षा बरंच वाजेल, कारण मधेच बंद पडणार नाही.

तर्रीपोहा
ताई, पटलं. शब्द मागे, पोहे माझ्याकडून. तर्री वेगळी घ्यावी लागेल.

मानेवाडाकर
कॉइल सिरीज केल्या, अर्थिंग नवीन केलं, काकांनी सांगितलं तसं अक्षरशः. घासलेली जागा, दातऱ्या वॉशर, थिंबल. आता वाजवता वाजवता ०.०८ व्होल्ट येते. व्हॉल्यूम जिथपर्यंत कानाला सोसते तिथपर्यंत नेला, ॲम्प एकदा पण बंद नाही पडला. लाल दिवा गेला म्हणायचा.

पण कूं आहेच. कमी झाला, गेला नाही. आता काय पाहू?

पुण्यातून
आता तरी आयसोलेटर लावा. एवढी मेहनत झाली, उरलेला आवाज त्यानं जाईल.

डाखवाला
थांबा, लावू नका. ताई म्हणाल्या होत्या ना, चालू सिस्टिममध्ये आरसीए काढू-घालू नका, कारण पुढे कळेल. ते कारण आता आलं.

तुमच्या ॲम्पचं अर्थिंग कित्येक महिने अर्धवट होतं. ॲम्पला करंट परत तर पाठवायचाच असते. नाली तुंबली की पाणी अंगणातून वाट काढते, तसा तो करंट आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून डेककडे गेला. डेकच्या आत त्या जाळीच्या वाटेवर काही मॉडेलमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा बारीक फ्यूज असते, काहींमध्ये नुसती केसाएवढी तांब्याची रेघ. ते जळते. जळल्यावर डेक वाजते, सगळं ठीक दिसते, पण आरसीएचं ग्राउंड तुटलेलं राहते आणि कूं सुरू होते. चालू सिस्टिममध्ये पिना ओढल्या तर क्षणात हेच होऊ शकते.

डेक बाहेर ओढा, आरसीए काढा, पॉवर बंद. मीटर ओहमवर. एक टोक डेकच्या आरसीएच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं डेकच्या लोखंडी बॉडीला किंवा काळ्या वायरीला. जवळजवळ शून्य आलं पाहिजे. शेकडो-हजारो ओहम आले किंवा काहीच नाही आलं, तर फ्यूज गेला.

मानेवाडाकर
डाखवाला भाऊ, साष्टांग नमस्कार! चारही कड्यांवर मीटर काहीच दाखवत नाही. ओपन. मग एका वायरीचं एक टोक डेकच्या बॉडीवरच्या स्क्रूला आवळलं, दुसरं आरसीएच्या कड्याला नुसतं टेकवलं आणि गाडी चालू केली. टेकवलं की कूं बंद, उचललं की चालू. शेजारचे काका गॅलरीतून विचारत होते काय करून राहिले म्हणून, त्यांना पण खाली बोलावून ऐकवलं.

वायरिंगवाले_काका
वाह! जियो.

डाखवाला
झालं मग. ती वायर आता नीट करून ठेवली तरी चालते : आरसीएच्या कड्याला वेटोळं घालून बॉडीच्या स्क्रूखाली. पुष्कळ लोक तशीच वर्षानुवर्षं ठेवतात. नीट करायचं असेल तर ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककडे डेक उघडून तो फ्यूज बदलून घ्या. ॲम्पचं अर्थिंग आता पक्कं झालं, म्हणून परत जळणार नाही. आधी फ्यूज बदलला असता आणि अर्थिंग तसंच ठेवलं असतं तर नवीन पण जळला असता.

पुण्यातून
हे मला माहीतच नव्हतं. या शनिवारी माझ्या डेकची कडी मोजणार. आयसोलेटर काढता आला तर आनंदच आहे.

कामठीरोड
बॅटरीचं राहूनच गेलं की! तिसरी तक्रार.

मानेवाडाकर
हो, ती आहेच. काल रात्री सगळं बंद करून झोपलो, सकाळी ॲम्पला हात लावला तर कोमट. बंद गाडीत ॲम्प कोमट कसा?

हिंगण्याची_इंजिनियर
कारण तो बंदच होत नाही. ॲम्पवर प्लस आणि ग्राउंडच्या मधे रिमोट लिहिलेलं छोटं टर्मिनल असेल. डेक चालू झाला की निळी-पांढरी वायर त्यावर १२ व्होल्ट देते, तेव्हा ॲम्प जागा होतो. डेक बंद, वायर शून्य, ॲम्प झोपला. तुमच्या रिमोटवर कुठली वायर आली आहे ते पाहा.

करंट पण मोजून घ्या. मीटर १० अँपियरच्या भोकात लावून बॅटरीची मायनस आणि तिची वायर यांच्या मधे सिरीज धरा. दारं बंद, चावी बाहेर, गाडीतले कॉम्प्युटर झोपेपर्यंत थोडं थांबा. ५० मिलीअँपियरपर्यंत चालतं. मीटर लावलेला असताना सेल्फ मारायचा नाही, दार उघडून दिवेही लावायचे नाहीत.

मानेवाडाकर
०.८५ अँपियर!! आणि रिमोटवर निळी-पांढरी नाहीच. ॲम्पच्या प्लसमधून बोटभर लांबीचा लाल तुकडा वळवून थेट रिमोटमध्ये खुपसलाय.

हिंगण्याची_इंजिनियर
घ्या. ०.८५ गुणिले ४० तास म्हणजे ३४ अँपियर-अवर. तुमची बॅटरी ३५ ची. शुक्रवारी रात्री उभी केली तर रविवारी दुपारपर्यंत रिकामी. मोठी बॅटरी टाकली असती तर सोमवारऐवजी मंगळवारी हाच प्रकार.

कारऑडिओ_फिटर
असं काम पाहून आमच्याच धंद्याची लाज वाटते. डेकच्या मागं पाहा, निळी-पांढरी वायर टेप मारून कोंबलेली सापडेल. तिथून पातळ वायर ओढून रिमोटला द्या. एक पाहून घ्या : नुसती निळी वायर वेगळी असते, ती ॲन्टेनाची. काही डेकमध्ये ती फक्त रेडिओ लावल्यावर चालू होते, म्हणून तिच्यावर ॲम्प जोडू नका.

गांधीबाग_गप्पा
माझी कंपनीची सिस्टिम आहे, डेक बदलायचा नाही, वॉरंटी जाईल. मागं आरसीए पण नाहीत. सब लावताच येणार नाही का?

कारऑडिओ_फिटर
येते. हाय लेव्हल इनपुट असलेला ॲम्प घ्या, तो स्पीकरच्या वायरीतूनच सिग्नल घेते. त्यातले कित्येक ॲम्प त्याच वायरी पाहून आपोआप चालू-बंद होतात, रिमोट लागत नाही. मूळ वायरी कापायच्या नाहीत, तुमच्या मॉडेलचे मेल-फीमेल कपलर मधात लावायचे. उद्या काढून टाकले की गाडी होती तशी.

वायरिंगवाले_काका
आणि त्या स्पीकरच्या वायरीतली मायनस बॉडीला टेकू देऊ नका. आमच्या वेळेस कॅसेट डेकला स्पीकरची एक वायर बॉडीलाच मारत होतो, चालत होतं. आताच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या हिशेबानं सहा-सात व्होल्ट उभे असतात. एक जरी पत्र्याला लागली तर आतली आयसी जाऊ शकते. दार उघडझाप होताना रबराच्या नळीत वायर घासते, तिथं नक्की पाहा.

मानेवाडाकर
निळी-पांढरी सापडली, फिटर भाऊंनी सांगितलं तशीच टेपच्या गोळ्यात होती. रिमोटला जोडली. गाडी बंद केली की ॲम्पचा दिवा विझते. करंट आता ३० मिलीअँपियर. शनिवार-रविवार मुद्दाम उभी ठेवली, सोमवारी पहिल्या झटक्यात सुरू.

ब्लेडनं वायर पण खरवडली, पांढरी निघाली. ती बदलायची आहे. ताई, किती जाडीची घेऊ? आणि ॲम्पचा गेन (डेकचा सिग्नल किती वाढवायचा ते बटण) किती ठेवायचा ते पण सांगा, दुकानदारानं पूर्ण फिरवून ठेवलाय.

हिंगण्याची_इंजिनियर
शुद्ध तांब्याची ४ गेज (गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड), म्हणजे २१ चौरस मिलिमीटर. दुकानात असंही मागता येतं, बॅटरी-वेल्डिंगच्या वायरी याच मापात मिळतात. ८ गेजही तांब्याची चालली असती, पण एकदाच कार्पेट उचलताय तर जाड टाका. फ्यूज बॅटरीजवळ, ५० अँपियरचा.

गेनला आवाजाचं बटण समजू नका. स्पीकर आणि सब ॲम्पवरून सोडवा. डेकचा इक्वलायझर सपाट, बास बूस्ट शून्य, व्हॉल्यूम पूर्णाच्या पाऊण. मोबाईलमधून किंवा पेन ड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा टोन वाजवा. मीटर एसी व्होल्टवर, ॲम्पच्या सबच्या टर्मिनलवर. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ : १५० गुणिले ८ म्हणजे १२००, वर्गमूळ साडेचौतीस. गेन शून्यावरून हळूहळू वाढवत ३४ व्होल्टपर्यंत न्या आणि सोडा. दारातल्या चॅनेलसाठी ७५ गुणिले ४, म्हणजे १७ व्होल्ट. त्यांचा हाय पास फिल्टर (खालचा बास अडवणारा) चालू असेल तर ५० हर्ट्झला आकडा कमी दिसेल, तेव्हा तिथे १००० हर्ट्झचा टोन घ्या. स्पीकर किती वॅट सोसतात ते आधी वाचा, ५० चे असतील तर ५० नंच हिशेब करा.

मानेवाडाकर
५० चेच आहेत. म्हणजे २०० चं वर्गमूळ, १४ व्होल्ट. करतो.

तर्रीपोहा
वायर टाकून झाली की सांगजो भाऊ. रामटेकपर्यंत एक फेरी, मी पुढच्या सीटवर, म्हणजे ॲम्पवर नजर राहील.

मानेवाडाकर
ये ना. फ्यूज होल्डर आणि वायर उद्या बर्डीवरून आणतो, या रविवारी टाकतो. डेक उघडून फ्यूज बदलायला डाखवाला भाऊ, तुम्हालाच गाठतो, पत्ता निरोपात कळवा.

डाखवाला
कळवला. दुपारी चारनंतर या, डेकसोबत त्याचं कपलर पण आणा, टेबलावर वाजवून पाहू.